दुबईतल्या कंपनीचं काम आधी नाशिकच्या बँकेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातला एक तरुण निर्यातदार द्राक्ष, डाळिंब आणि कांदा आखाती देशांत पाठवतो. व्यवसाय प्रोप्रायटरी, स्वतःच्या नावावरचा. माल दुबईच्या अल अवीर मार्केटमधल्या अडत्याकडे जातो, भाव तिकडे ठरतो आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात येईपर्यंत इकडे काही कळत नाही. म्हणून त्याला दुबईत स्वतःची कंपनी काढायची आहे. एजंटाने सांगितलंय की फ्री झोनचं, म्हणजे करसवलतीच्या खास क्षेत्राचं, लायसन्स पाच दिवसांत मिळेल, कर शून्य, पैसे क्रेडिट कार्डाने भरले तरी चालतील. शारजात राहणारे मेहुणे म्हणतात, तिकडे स्थानिक माणूस लागतोच, कंपनी माझ्या नावावर काढू, म्हणजे भारतात कुणाला कळवायलाच नको. यातलं काय खरं, काय करावं?

परदेशातल्या गुंतवणुकीची कागदपत्रं करण्यातच माझी वर्षं गेली आहेत, त्यामुळे मुद्द्याचं आधी सांगतो. दुबईत कंपनीची नोंदणी होणं हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे. अवघड भाग दोन. पहिला, भारतातून पैसा नियमाने बाहेर नेणं. दुसरा, तिकडे बँकेत खातं उघडणं. एजंट या दोन्हींबद्दल बोलत नाही, कारण त्याची फी लायसन्स निघालं की वसूल झालेली असते. तुम्ही भारताचे रहिवासी आहात, म्हणून तुमच्या मालकीची परदेशी कंपनी जन्माला यायच्या आधीपासून फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या कक्षेत येते. क्रम चुकला की पुढचं प्रत्येक वर्ष तो निस्तरण्यात जातं.

पण त्याही आधीचा प्रश्न असा की कंपनी हवीच आहे का? अवीरला भाव मिळत नाही एवढंच कारण असेल तर माझं उत्तर नाही असं आहे. तुमची कंपनी झाली तरी त्याच मार्केटमध्ये, त्याच पहाटे, त्याच घाऊक गिऱ्हाइकांना माल विकायचाय. फरक एवढाच की अडत्याचं कमिशन वाचेल आणि त्याच्या जागी गाळ्याचं किंवा शीतगृहाचं भाडं, माणसाचा पगार, व्हिसा, हिशेब आणि ऑडिट हा खर्च बसेल. वर्षाला मोजकेच कंटेनर जात असतील तर हे गणित जमत नाही. त्यापेक्षा ठरलेल्या भावाने, काही रक्कम आगाऊ घेऊन विकायची सवय लावा, दुसरा अडत्या शोधा, आणि हंगामात आठ-पंधरा दिवस स्वतः तिकडे जाऊन उभे राहा.

कंपनीला खरा अर्थ येतो तो वेगळ्या कारणांनी. तिकडच्या सुपरमार्केटला थेट माल द्यायचा असेल तर त्यांना स्थानिक बिल लागतं, व्हॅट नंबर लागतो, आणि माल खराब निघाला तर तो बदलून देणारा कुणीतरी तिथे हजर असावा लागतो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपली द्राक्षं साधारण जानेवारी ते एप्रिल. त्यानंतर खरेदीदाराला इजिप्तचा माल हवा, पुढे दक्षिण आफ्रिकेचा. जो पुरवठादार बारा महिने फळ देतो त्याची फळीवरची जागा टिकते. चार महिने देणाऱ्याला दर जानेवारीत नव्याने दार ठोठवावं लागतं. दुबईतली कंपनी इजिप्तचा माल घेऊन तिथेच विकू शकते, नाशिकची पेढी ते सहज करू शकत नाही. हे तुमच्या मनात असेल तर पुढचं वाचा.

कांद्याबद्दल वेगळं सांगतो. ८ डिसेंबर २०२३ पासून ४ मे २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद होती. त्यानंतर ४० टक्के शुल्क आलं, ते पुढे २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ ला उठलं. अशा काळात दुबईतलं भाडं आणि पगार थांबत नाहीत. म्हणून तिकडच्या कंपनीचं अंदाजपत्रक केवळ कांद्यावर कधीही बांधू नका. कांदा आला तर वरकमाई, असं धरा.

आता मेहुण्यांचा प्रस्ताव. त्यांचा हेतू चांगलाच असणार, पण हा मार्ग बंद करा. पैसा तुमचा, नफा तुमचा आणि नाव त्यांचं, असं झालं तर कायद्याने कंपनी त्यांची राहते. उद्या घरात काही बिनसलं, किंवा देव न करो त्यांचं काही बरंवाईट झालं, तर तिकडच्या न्यायालयात तुमच्याकडे दाखवायला कागद नसतो. त्याच वेळी भारताच्या कायद्यानुसार मात्र तुम्हीच लाभार्थी मालक ठरता, आणि अघोषित परदेशी मालमत्तेचा २०१५ चा काळ्या पैशाचा कायदा लागू होतो. म्हणजे हक्क मेहुण्यांकडे आणि गुन्हा तुमच्याकडे! शिवाय यूएईतही प्रत्येक कंपनीला खऱ्या मालकांची नोंद परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे द्यावी लागते. २५ टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा वा नियंत्रण असणारा माणूस त्यात यावाच लागतो. बँक खात्यांची माहिती देशादेशांत दरवर्षी देवघेव करण्याच्या व्यवस्थेत यूएई २०१८ पासून आहे. ‘कुणाला कळणार नाही’ हा काळ केव्हाच संपला.

डाळिंबाच्या पट्ट्यातल्या एका व्यापाऱ्याची अशी फाईल माझ्यापुढे आली होती. कंपनी नातेवाइकाच्या नावावर, खातं त्याच्या सहीने चालणारं, आणि चार हंगामांचा नफा तिकडेच साठलेला. नातेवाइकाने पैसे नाकारले नाहीत, पण ते भारतात आणायचे तर कुठल्या नावाने? भेट म्हणावी तर ती खोटी, कर्ज म्हणावं तर कागद नाही, विक्रीची रक्कम म्हणावी तर बिलांशी जुळत नाही. स्वतःचेच पैसे, आणि त्यांना हात लावता येत नव्हता.

‘स्थानिक माणूस लागतोच’ हा मेहुण्यांचा मुद्दाही आता जुना झाला. पूर्वी मेनलँड, म्हणजे फ्री झोनबाहेरच्या, कंपनीत ५१ टक्के हिस्सा अमिराती नागरिकाचा लागे. १ जून २०२१ पासून बहुतेक व्यापारी कामांसाठी ही अट गेली आणि परदेशी माणूस पूर्ण मालक होऊ शकतो. मेहुणे खरोखर पैसे आणि वेळ घालणार असतील तर त्यांना त्यांच्या पैशाइतका हिस्सा त्यांच्याच नावाने द्या आणि भागधारकांचा करार लिहून घ्या. ते तिकडे राहतात, त्यांच्याकडे एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथल्या रहिवाशाचं ओळखपत्र, आहे. मॅनेजर म्हणून त्यांची मदत सोन्यासारखी आहे.

आता भारताची बाजू, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. २२ ऑगस्ट २०२२ पासून परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम लागू आहेत. त्यांच्यानुसार प्रोप्रायटरी पेढी म्हणजे वेगळी संस्था नाही, ती तुम्ही स्वतःच. म्हणजे तुम्ही व्यक्ती म्हणून गुंतवणूक करणार आणि मर्यादा एलआरएसची, म्हणजे व्यक्तींना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची: आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. त्यात तुमचा परदेश प्रवास, मुलांची फी वगैरे सगळं मोजलं जातं. पत्नीचीही तेवढीच वेगळी मर्यादा आहे, पण ती वापरायची तर तिच्या नावाने शेअर्स असायला हवेत.

रक्कम तुम्हाला पुरेल. अडचण इतर अटींची आहे. व्यक्तीला आपल्या परदेशी कंपनीत फक्त भागभांडवल घालता येतं. कर्ज देता येत नाही, तिच्यासाठी हमीही देता येत नाही. फळाच्या धंद्यात हंगामाच्या तोंडावर पैसा लागतो आणि हंगाम संपला की मोकळा होतो. कर्ज म्हणून दिला तर तो सहज परत घेता येतो. भांडवल म्हणून घातला तर तो अडकून पडतो. दुसरी अट, कंपनीवर तुमचं नियंत्रण असेल तर तिला पुढे उपकंपनी काढता येत नाही. उद्या ओमानमध्ये शाखा-कंपनी काढायची म्हणाल तर दुबईच्या कंपनीखाली ती काढता येणार नाही. तिसरी गोष्ट टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतल्या जाणाऱ्या कराची. वर्षात १० लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. विवरणपत्रात तो वळता होतो किंवा परत मिळतो, पण ५० लाख पाठवायचे तर ८ लाख काही महिने अडकतात, आणि ते बहुधा नेमके माल भरायच्या दिवसांत.

हेच काम भारतातली खासगी मर्यादित कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी पेढी करत असेल तर चित्र बदलतं. मर्यादा नक्तमूल्याच्या, म्हणजे देणी वजा करून उरणाऱ्या मूल्याच्या, ४०० टक्क्यांपर्यंत जाते, भागभांडवलाबरोबर कर्ज आणि हमी चालते, एलआरएसवरचा टीसीएस लागत नाही. अडचण एवढीच की नक्तमूल्य शेवटच्या ऑडिट झालेल्या ताळेबंदावरून धरतात आणि तो ताळेबंद १८ महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. आज काढलेल्या कंपनीकडे ताळेबंदच नसतो. त्यामुळे घाई नसेल तर मी असं सुचवेन: यंदाचा हंगाम आहे तसा करा, दरम्यान इकडे कंपनी किंवा एलएलपी काढून निर्यातीचं काम तिच्याकडे वळवा, आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) आणि अपेडा या कृषी निर्यात संस्थेची नोंदणी तिच्या नावाने घ्या, मार्चअखेरचा ताळेबंद ऑडिट करून घ्या आणि मग दुबईकडे वळा. फक्त छोट्या भांडवलाने सुरुवात करायची असेल आणि पुढे ओमान-कतारचा विचार नसेल तर व्यक्ती म्हणूनही चालेल. दोन्हींतला निर्णय आत्ताच घ्या, कारण एकदा तुमच्या नावाने शेअर्स निघाले की नंतर ते कंपनीकडे वळवताना मूल्यांकन, भांडवली नफा आणि पुन्हा बँकेचे फॉर्म हे सगळं येतं.

मार्ग कुठलाही असो, पैसा जाण्याआधी तुमच्या बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून रिझर्व्ह बँकेकडून यूआयएन, म्हणजे त्या परदेशी कंपनीचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. पैसे पाठवणं किंवा शेअर्स मिळणं यातलं जे आधी घडेल, त्याच्या आधी हा क्रमांक हवा. त्यानंतर त्या कंपनीचे सगळे व्यवहार त्याच एका बँकेतून. म्हणून तालुक्याच्या शाखेत सुरुवात करू नका. परदेशी गुंतवणुकीचं काम फार थोड्या शाखा करतात. नाशिक, पुणे किंवा मुंबईतल्या परकीय चलन शाखेत जाऊन आधी विचारा की या वर्षात असे किती अर्ज त्यांनी पाठवले. उत्तर गुळमुळीत आलं तर बँक बदला. तुमच्या कर्जखात्याला एनपीएचा, म्हणजे थकीत कर्जाचा, शिक्का असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेचं ना-हरकत पत्र लागतं, तेही आधीच सांगून टाका.

इथे एक गाठ आहे आणि बहुतेकांचं घोडं तिथे अडतं. भांडवल पाठवायला दुबईत कंपनीचं खातं हवं. खात्याला लायसन्स हवं. लायसन्सला फी आधी भरायची. एजंट म्हणतो कार्ड स्वाइप करा, प्रश्न मिटला. मिटत नाही. तुमच्या कार्डावरून गेलेली रक्कम कंपनीचं भांडवल म्हणून कुठेच दिसत नाही, आणि घटनापत्रावर सही करून शेअर्स तुमच्या नावाने निघाले की यूआयएनच्या आधीच तुम्ही मालक झालेले असता. यावरचा उपाय असा: नावाचं आरक्षण आणि प्राथमिक मंजुरी एवढ्यावर तिकडे थांबायचं, ते कागद आणि घटनापत्राचा मसुदा घेऊन इकडे बँकेत जायचं, नोंदणीची फी कोणत्या नावाखाली आणि कोणाच्या खात्यात पाठवायची याचं उत्तर बँकेकडून लेखी घ्यायचं, आणि मगच सही करायची. दोन-तीन आठवडे जास्त जातात. जाऊ द्या.

घटनापत्राच्या मसुद्यात भांडवलाचा आकडा नीट पाहा. एजंटांकडे छापील नमुना असतो आणि त्यात एक लाख किंवा तीन लाख दिरहम असा आकडा सर्रास टाकलेला असतो. तिकडे तो खरोखर जमा झाला का हे नोंदणीच्या वेळी अनेकदा कुणी तपासत नाही. इकडे मात्र तपासतात. पैसे पाठवल्यापासून सहा महिन्यांत शेअर सर्टिफिकेट बँकेला द्यावं लागतं, आणि त्यावरचा आकडा पाठवलेल्या पैशाशी जुळायला हवा. म्हणून जेवढं खरंच पाठवणार तेवढाच आकडा लिहा.

आता दुबईची बाजू. फ्री झोन की मेनलँड हा पहिला फाटा. जबल अलीचा फ्री झोन १९८५ मधला. त्यानंतर एवढे निघाले की सातही अमिरातींत मिळून चाळीसच्या वर झाले. जाहिरातीत दिसणारं बारा-पंधरा हजार दिरहमांचं पॅकेज बहुधा व्हिसा नसलेलं, टेबलापुरता पत्ता देणारं असतं. सल्लागार, सॉफ्टवेअर, ऑनलाइन सेवा यांना ते शोभतं. फळवाल्याला नाही. फ्री झोन कंपनीला मेनलँडमध्ये सरसकट माल विकता येत नाही. मधे स्थानिक आयातदार लागतो. अवीर मार्केट मेनलँडमध्ये येतं, सुपरमार्केटही तिथेच. म्हणजे स्वस्त लायसन्स घेऊन तुम्ही पुन्हा त्याच अडत्याच्या दारात उभे! २०२५ मध्ये दुबईने फ्री झोन कंपन्यांना परवानगी घेऊन मेनलँडमध्ये काम करण्याची वाट खुली केली आहे, पण खाद्यपदार्थांच्या व्यापाराला वेगळ्या मंजुऱ्या लागतात, म्हणून तिच्या भरवशावर आज आखणी करू नका. माल दुबईत उतरवून तिथूनच कुवेत, बहरीन, आफ्रिकेकडे फेरनिर्यात करायची असेल तर मात्र जबल अलीसारखा बंदराला लागून असलेला झोन खरोखर कामाचा आहे.

तुमच्या कामासाठी मला मेनलँडची मर्यादित जबाबदारीची कंपनी योग्य वाटते. लायसन्स दुबईच्या अर्थ व पर्यटन विभागाकडून मिळतं. व्यवसायाचा प्रकार निवडताना एजंट ‘जनरल ट्रेडिंग’ सुचवेल. ते महाग असतं आणि बँका त्याकडे संशयाने पाहतात. ताजी फळं-भाजीपाला यांचा व्यापार असा नेमका प्रकार निवडा. ऑफिस किंवा गाळ्याचा करार इजारी या भाडेकरार नोंदणीच्या व्यवस्थेत नोंदलेला लागतो, आणि खाद्यपदार्थ आयात करायला दुबई महानगरपालिकेकडे स्वतंत्र नोंदणी लागते. व्यक्ती भागधारक असेल तर पासपोर्टवर भागतं. भारतातली कंपनी भागधारक असेल तर तिचं नोंदणी प्रमाणपत्र, घटनापत्र आणि संचालक मंडळाचा ठराव हे नोटरी, परराष्ट्र मंत्रालय, यूएईची वकिलात, मग तिकडचं परराष्ट्र मंत्रालय अशा शिक्क्यांतून जातात आणि त्यांचा अरबी अनुवाद परवानाधारक अनुवादकाकडूनच करावा लागतो. यात महिना सहज जातो. कंपनीच्या नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर अक्षरशः एकसारखं आहे ना, हे शिक्के मारायच्या आधी पाहा. ‘प्रायव्हेट’ पूर्ण लिहिलंय की आखूड, एवढ्यावरूनही फाईल परत येते.

बँक खात्याची तयारी लायसन्सच्या आधीच सुरू करा. मार्च २०२२ ते फेब्रुवारी २०२४ यूएई हा देश काळ्या पैशाच्या उलाढालीवर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीत होता. त्या काळात बँकांनी जी कडक छाननी सुरू केली ती आता त्यांची सवय झाली आहे. लायसन्स हातात असून तीन-तीन महिने खातं न उघडलेल्या कंपन्या मी नेहमी पाहतो, आणि त्यांतल्या बहुतेक ‘टेबलाच्या पत्त्या’वाल्या असतात. बँकेला तुमचा खरा धंदा दिसला पाहिजे. गेल्या दोन-तीन वर्षांची शिपिंग बिलं, अवीरच्या पट्ट्या, इकडच्या खात्याची सहा महिन्यांची विवरणं, आयकराची विवरणपत्रं, कोणत्या देशातून माल घेणार आणि कोणाला विकणार याचं दोन पानी टिपण, हे सगळं इंग्रजीत व्यवस्थित लावून ठेवा. एमिरेट्स आयडी असलेला सहीचा अधिकारी लागतो. तुमचा व्हिसा होईपर्यंत मेहुणे मॅनेजर असतील तर इथे वेळ वाचेल. खात्यावर किमान शिल्लक किती ठेवावी लागेल हे आधी विचारा, कारण तो पैसा भांडवलातून बाजूला पडतो.

‘कर शून्य’ हे आता अर्धसत्यही राहिलेलं नाही. १ जून २०२३ ला किंवा त्यानंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून यूएईत कंपनी कर आहे: ३,७५,००० दिरहमांपर्यंतच्या नफ्यावर शून्य, त्याच्या वर ९ टक्के. नवीन कंपनीने स्थापनेपासून तीन महिन्यांत कर नोंदणी केली नाही तर १०,००० दिरहम दंड होतो, नफा असो वा नसो. विवरणपत्र वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत. ज्यांचा महसूल ३० लाख दिरहमांपर्यंत आहे त्यांना छोट्या व्यवसायाची सवलत मागता येते, पण ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या करवर्षांपुरतीच. फ्री झोनमधला शून्य टक्के दर आपोआप मिळत नाही. ठरावीक प्रकारचंच उत्पन्न, तिथे खरं कामकाज आणि ऑडिट झालेले हिशेब या अटी आहेत. व्हॅट १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के आहे आणि फळं-भाजीपाल्यावरही आहे. बारा महिन्यांची विक्री आणि आयात ३,७५,००० दिरहमांवर गेली की नोंदणी सक्तीची होते. फळांचे कंटेनर येऊ लागले की ही रेषा लवकरच ओलांडली जाते.

भारतात दरवर्षी काय करायचं? दुबईच्या कंपनीचा वार्षिक अहवाल, म्हणजे एपीआर, ३१ डिसेंबरपर्यंत बँकेकडे द्यायचा. नियंत्रण तुमच्याकडे असल्याने तो ऑडिट झालेल्या हिशेबांवरच आधारलेला लागतो, तिकडच्या कायद्याने तुमच्या कंपनीला ऑडिट माफ असलं तरी. एजंटाच्या खर्चाच्या यादीत ऑडिट नसतं. तुम्ही पहिल्या वर्षापासून धरा. इकडे कंपनी किंवा एलएलपी असेल तर १५ जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेला एफएलए, म्हणजे परदेशी देणी आणि मालमत्तेचं विवरण द्यायचं. एखादा अहवाल राहिला तर विलंब शुल्क भरून तो नियमित करता येतो, पण तोपर्यंत त्या कंपनीत नवीन पैसा पाठवता येत नाही. हंगामाच्या तोंडावर हे लक्षात येणं फार महागात पडतं.

तुमच्या वैयक्तिक विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा: शेअर्स, आणि जिथे सहीचा अधिकार आहे ती खातीही. हा तक्ता आर्थिक वर्षाचा नसून जानेवारी-डिसेंबरचा असतो. न भरल्यास वर्षाला १० लाख रुपये दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून वगळलंय, पण तुमची रक्कम त्याच्या वर जाईल असंच धरा. दुबईच्या कंपनीने लाभांश दिला की तिकडे त्यावर काही कापलं जात नाही, इकडे मात्र तो तुमच्या नेहमीच्या दराने करपात्र. जाहीर झालेला लाभांश देय झाल्यापासून ९० दिवसांत भारतात आणायचा.

आणि सर्वांत नाजूक गोष्ट: भाव. नाशिकची पेढी दुबईच्या स्वतःच्याच कंपनीला माल विकणार. तिथे कर ९ टक्के, इथे ३० टक्के. मोह होणारच की बिल कमी लावावं आणि नफा तिकडे ठेवावा. ट्रान्सफर प्रायसिंगचे, म्हणजे आपल्याच दोन संस्थांमधल्या भावाचे, नियम अगदी याच मोहासाठी आहेत. अशा व्यवहाराचा सीएचा अहवाल रक्कम कितीही असली तरी द्यावा लागतो. त्रयस्थाला त्याच आठवड्यात त्याच प्रतीचा माल काय भावाने दिला असता, याचा पुरावा प्रत्येक कंटेनरमागे जपून ठेवा: अवीरचे त्या दिवसाचे भाव, दुसऱ्या खरेदीदाराचं कोटेशन, प्रतवारीचा अहवाल. चार वर्षांनी नोटीस आली तर कुणालाही आठवून सांगता येत नाही. आणखी एक, स्वतःच्याच कंपनीला दिलेल्या उधारीवर ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचं नेहमीचं विमा संरक्षण पूर्ण मिळत नाही. पैसे बुडण्याची व्यापारी जोखीम सहसा त्याबाहेर राहते. तिकडच्या सुपरमार्केटने पैसे थकवले तर तोटा दोन्हीकडून तुमचाच.

कंपनीचे निर्णय नाशिकमध्ये बसून होत असतील तर ती कंपनीच भारताची रहिवासी ठरते का, असं काहींना वाटतं. प्रभावी व्यवस्थापनाच्या स्थानाची ती तरतूद वर्षाला ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना लागू होत नाही. तरी सभा आणि ठराव खरोखर दुबईत करायची सवय पहिल्यापासून लावलेली बरी. तसंच तुमच्या हातात एमिरेट्स आयडी आला म्हणजे तुम्ही अनिवासी झालात असं नाही. भारतातले दिवस मोजले जातात. बागा आणि पॅकहाऊस निफाडला असताना तुम्ही वर्षातले बहुतेक दिवस इथेच असणार, म्हणजे जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र. उलट तो व्हिसा टिकवायचा तर साधारणपणे सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ यूएईबाहेर राहून चालत नाही.

शेवटी, बंद कशी करायची हे सुरू करण्याआधी विचारा, कारण एजंट ते आपणहून सांगणार नाही. धंदा जमला नाही की लोक लायसन्सचं नूतनीकरण करत नाहीत आणि विसरून जातात. दंड चढत राहतो, मॅनेजर म्हणून ज्याची सही आहे त्याला नवीन काम किंवा व्हिसा करताना तो आडवा येतो. तुमच्या बाबतीत तो माणूस मेहुणे असतील. रीतसर बंद करायची तर लिक्विडेटर, म्हणजे कंपनी गुंडाळून देणारा माणूस, नेमायचा, देणेकऱ्यांसाठी नोटीस द्यायची, व्हिसा रद्द करायचे, व्हॅट आणि कंपनी करातून नाव काढायचं, सगळ्यात शेवटी बँक खातं. उरलेला पैसा भारतात आला की ३० दिवसांत पुन्हा फॉर्म एफसी भरून बँकेला कळवायचं. त्याआधीचे सगळे एपीआर भरलेले असतील तरच यूआयएन बंद होतो, म्हणून एजंटाकडून नोंदणीचं कोटेशन घेताना समापनाचंही वेगळं कोटेशन त्याच कागदावर लिहून मागा.